रसायनशास्त्राला स्वतःचं तत्त्वज्ञान लागतं का?

परीक्षानळी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. मंगळवारी आवर्तसारणीचा तास चालला होता. मागच्या बाकावरून एक हात वर आला. "मॅडम, इलेक्ट्रॉन फिजिक्सचा, क्वांटम फिजिक्सचं, अणूचं सगळं तेच सांगत्यात. मग केमिस्ट्री म्हणजे फिजिक्सचाच एक धडा न्हवं काय?"

वर्गात कुणी हसलं नाही. प्रश्न खरा आहे हे सगळ्यांना कळलं होतं. तेवढ्यात तास संपला. पण इतकी वर्षं शिकवून या प्रश्नाला माझ्याकडे दोन धड वाक्यं नाहीत, हे मनाला लागलं.

तेव्हापासून मिळेल ते वाचतेय. भौतिकशास्त्राचं तत्त्वज्ञान आहे: काळ म्हणजे काय, कार्यकारण म्हणजे काय. जीवशास्त्राचंही आहे: प्रजाती कशाला म्हणायचं, उत्क्रांतीला दिशा असते का. पंगतीत या दोघांची पानं मांडलेली, आणि मधे रसायनशास्त्र कित्येक वर्षं उभंच. माझं मत असं की त्यालाही स्वतःचं पान हवं. पदार्थ म्हणजे काय, आणि बदल झाल्यावर तो तोच राहतो का, हे प्रश्न आमच्याकडे रोज येतात. दुसरं कुणी ते आमच्यासारखे हाताळत नाही. पण हे त्या मुलाला पटवून देता आलं पाहिजे. वेगळा विषय म्हणायला एवढं पुरे आहे, की हा विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचाच एक कोपरा?

पुंजकण

मूळचा राजारामपुरीचा, आता पुण्यात. फिजिक्सवाला आहे, त्यामुळे मुलाच्या बाजूने बोलतो.

भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकने १९२९ मध्येच लिहून ठेवलंय की बऱ्याचशा भौतिकशास्त्राच्या आणि सगळ्या रसायनशास्त्राच्या मुळाशी असलेले नियम आता माहीत झाले, अडचण एवढीच की त्यांतून निघणारी समीकरणं सोडवायला फार किचकट आहेत. त्यानंतर संगणक आले. सोन्याचा पिवळा रंग घ्या. सापेक्षतेचा परिणाम हिशेबात धरला नाही तर तो नीट येत नाही, धरला की येतो. रंग रसायनशास्त्रातला, पण कारण आमच्याकडचं. तत्त्वज्ञान करायचंच तर क्वांटमचं करा, रसायनाचं त्यात आपोआप येईल.

चुलवाण

पुंजकण भावा, समीकरण सुटंल, पर गूळ बसंल का?

आमचं गुऱ्हाळ हाय करवीर तालुक्यात, आज्ज्यापासनं. काहिलीत रस तापला की पहिल्यांदा भेंडीचं पाणी. त्या चिकाला धरून सगळी मळी वर येती, ती झाऱ्यानं काढायची. मग चुना. कमी पडला तर गूळ बसत न्हाई, हाताला चिकाट लागतो. जास्त झाला तर काळा पडतो आणि सौद्यात दर पडतो. शेवटाला गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटानं गोळी वळतो आणि काहिलीच्या काठावर मारतो. टण्ण वाजली की काहील उतरवा. थर्मामीटर लावून बघितलं तर ११८ अंशाच्या आसपास येतं. पर गुळव्याला आकडा लागत न्हाई, आवाज लागतो.

चुना कमी-जास्त झाल्यावर आत काय बदलतं, ते काय आम्हाला सांगता येत न्हाई. पर काहीतरी दुसरंच तयार झालं, हे बोटाला कळतं. ही समज फिजिक्सच्या कुठल्या धड्यात हाय?

मीठभाकर

चुलवाणदादा, पहिल्या आधणाची काकवी राखून ठेवा. बाकी चर्चा चालू द्या.

द्रव्यवेल्हाळ

परीक्षानळी ताई, विषय आहे आणि त्याला स्वतःचं घरही आहे. मी याच क्षेत्रात संशोधन करतेय म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

'हायली' नावाचं नियतकालिक १९९५ मध्ये सुरू झालं. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ द्रव्य. १९९७ मध्ये रसायनशास्त्राच्या तत्त्वज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि १९९९ मध्ये एरिक सेरी यांच्या संपादनाखाली दुसरं नियतकालिक निघालं. म्हणजे स्वतंत्र विषय म्हणून वय तीस वर्षांच्या आसपास. प्रश्न मात्र फार जुने. इतका उशीर का झाला याचं एक कारण जर्मन तत्त्वज्ञ कांटपर्यंत जातं. १७८६ मध्ये त्याने ठरवून टाकलं की रसायन ही पद्धतशीर कला आहे, खरं विज्ञान नव्हे, कारण तिला गणिताचा पाया नाही. पुढे गणिताचा पाया आला तो क्वांटमच्या वाटेने. तेव्हा तत्त्वज्ञ म्हणाले, मग क्वांटमकडेच बघू. एकदा गणित नाही म्हणून बाहेर, एकदा गणित दुसऱ्याचं म्हणून बाहेर. मला हा अन्याय वाटतो.

चुलवाणदादांचा गुळव्या या चर्चेच्या मध्यभागी बसायला हवा. मायकेल पोलान्यी आधी नावाजलेले भौतिक-रसायनशास्त्रज्ञ होते, मग तत्त्वज्ञानाकडे वळले. माणसाला शब्दांत सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं, हा त्यांचा गाजलेला विचार. प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला तो सुचावा, यात मला नवल वाटत नाही.

सोनारगल्ली

गुजरीत आमची चौथी पिढी. पुंजकण यांनी सोन्याचं नाव काढलं म्हणून लिहितो.

जुनं सोनं शुद्ध करताना ते अम्लराजात विरघळवतात. मीठाचं तेजाब तीन भाग, शोऱ्याचं एक भाग. मी नऊ-दहा वर्षांचा असताना वडिलांनी पहिल्यांदा दाखवलं. एक तुकडा टाकला, बुडबुडे आले, तांबूस धूर निघाला, आणि बघता बघता तुकडा नाहीसा. राहिलं ते नुसतं पिवळं पाणी. मला रडू यायचं बाकी होतं. वडील म्हणाले, थांब. पाणी गाळून त्यात हिराकस घातला. तळाला तपकिरी भुकटी बसली, कॉफीच्या पुडीसारखी. चमक नाही, पिवळेपणा नाही. ती धुऊन, वाळवून, टाकणखार घालून मुशीत वितळवली आणि ओतली. परत लखलखीत सोनं. तराजूत वजन जवळजवळ तेवढंच.

मी विचारलं, "पाण्यात होतं तेव्हा ते सोनं होतं का?" वडील म्हणाले, "नसतं तर आलं कुठनं?" मग मी म्हटलं, "असतं तर दिसलं का नाही?" त्यावर ते काही बोलले नाहीत. आज माझे केस पांढरे झाले, तो प्रश्न तसाच आहे.

परीक्षानळी

सोनारगल्ली काका, हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले.

द्रव्यवेल्हाळ

काका, तुमचा दहाव्या वर्षीचा प्रश्न हा या विषयाचा गाभा आहे, हे अगदी मनापासून सांगते.

'मूलद्रव्य' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक, हातात धरता येतं ते: पिवळं, चकचकीत, जड. दुसरं, जे पाण्यातही टिकलं, भुकटीतही टिकलं, आणि ज्याच्या जोरावर वडील म्हणाले की नसतं तर आलं कुठनं. मेंडेलीव्हने हा भेद आग्रहाने मांडला होता. कोळसा, ग्राफाइट आणि हिरा हे साधे पदार्थ; कार्बन हे मूलद्रव्य, ते या तिघांपैकी एकही नाही. त्याची सारणी दुसऱ्या अर्थाच्या मूलद्रव्यांची आहे. १९३१ मध्ये फ्रिट्झ पानेट या रसायनशास्त्रज्ञाने याच भेदावर एक व्याख्यान दिलं. या क्षेत्रात आजही त्याच्यापासून सुरुवात करतात.

मीठभाकर

मग माझ्या भाकरीवरच्या मिठात सोडियम हाय का न्हाई? सोडियम पाण्यात टाकला की पेट घेतो म्हणं. क्लोरीन तर विषारी वायू. आणि मी रोज खातोय.

पुंजकण

सोडियमचा आयन आहे. एक इलेक्ट्रॉन गेलेला. केंद्रक तेच, ११ प्रोटॉन. सोन्याचंही तसंच, ७९ प्रोटॉन शेवटपर्यंत कायम. काकांच्या प्रश्नाचं उत्तर फिजिक्सने १९१३ मध्येच दिलंय, मोझलीच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांनी.

परीक्षानळी

पुंजकण, इथे मी थोडी अडते. मोझलीने अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, मोजायचा रस्ता दिला, मान्य. पण मेंडेलीव्हने १८६९ मध्ये टेल्युरियम आयोडीनच्या आधी ठेवलं, वजनाने ते जड असूनही (१२७.६ आणि १२६.९). का? तर आयोडीन क्लोरीन-ब्रोमीनसारखं वागतं म्हणून. प्रोटॉनची कुणाला कल्पनाही नव्हती, तेव्हा वागणुकीवरून लावलेला तो क्रम बरोबर निघाला. मोझलीने त्या क्रमाला कारण दिलं. क्रम आमच्याकडे आधीच होता.

समस्थानिक, म्हणजे वागणूक एक पण वजन वेगळं असे अणू, सापडले तेव्हाही हाच प्रश्न आला. वजन वेगळं म्हणजे मूलद्रव्य वेगळं का? रासायनिक वागणूक एक, म्हणून मूलद्रव्य एक, हा कौल पानेटसारख्या रसायनवाल्यांनी लावून धरला. 'एक' कशाला म्हणायचं हे कुठलंही यंत्र सांगत नाही. ते ठरवावं लागतं, आणि ठरवण्यामागे कारणं द्यावी लागतात. मी त्यालाच तत्त्वज्ञान म्हणते.

जुनी_पोथी

संस्कृतचा निवृत्त प्राध्यापक. रसायनातलं मला कळत नाही, पण हा वाद ओळखीचा वाटला म्हणून लिहितो.

कच्चं मडकं काळसर असतं, भट्टीतून तांबडं होऊन निघतं. रंग बदलला कुणाचा? वैशेषिक म्हणतात, अग्नीने मडकं परमाणूंपर्यंत सुटं होतं, परमाणूंचा रंग बदलतो आणि मग तेच परमाणू पुन्हा जुळतात. हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, छे, मडकं अखंडच राहतं, त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून अग्नी आत शिरतो आणि सबंध मडक्याचाच रंग बदलतो. हा पिठरपाक. त्यांचं कारण मला आवडतं: भट्टीतून काढल्यावर आपण 'तेच हे मडकं' असं ओळखतो ना? मधे ते नाहीसं झालं असतं तर ही ओळख खोटी ठरली असती.

आपल्याकडे आधुनिक रसायनशास्त्र होतं, असा माझा दावा मुळीच नाही. कृपया कुणी तसा अर्थ काढू नये. पण बदलात काय टिकतं हा प्रश्न कुंभाराच्या भट्टीपाशी उभं राहून विचारला गेला आणि त्यावर दोन पक्ष पिढ्यान् पिढ्या भांडले, एवढं खरं. पुंजकण मला वैशेषिक वाटतात आणि चुलवाण नैयायिक.

चुलवाण

पोथीसर, नैयायिक म्हणजे काय ते घरात विचारून सांगतो. पर ऐकायला झ्याक वाटलं.

पोल_ब्रिक्स

साखर कारखान्यात लॅबला आहे. चुलवाण यांना चुन्यामागचं कारण सांगतो. उसाचा रस आंबट, म्हणजे आम्लधर्मी. आम्लात तापवला की साखर पाणी घेऊन फुटते, त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ते वाढलं की खडा बांधत नाही. चुना आम्ल मारतो म्हणून साखर वाचते.

आता गंमत बघा. दोघांच्याही रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. मोजणीत काडीचा फरक नाही. पण ध्रुवित प्रकाश सोडला तर ग्लुकोज उजवीकडे वळवतो, फ्रुक्टोज डावीकडे आणि जास्त जोरात. म्हणून साखर फुटली की नळीतला कोन उजवीकडून डावीकडे जातो. पोलॅरिमीटरवर आम्ही हे हंगामभर बघतो. माल तोच, मांडणी वेगळी, आणि पदार्थ दोन.

ताजा कलम: गुऱ्हाळात मळी म्हणजे वर आलेली घाण. आमच्याकडे मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, ज्यापासून अल्कोहोल करतात. शब्द एक, पदार्थ दोन. हेही धाग्यात बसतंय.

द्रव्यवेल्हाळ

पोल_ब्रिक्स, तुम्ही नेमक्या जागी आणून सोडलंत. अल्कोहोलवरूनच पुढे जाते.

इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर. दोन्हींत २ कार्बन, ६ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. पहिलं द्रव, ७८ अंशाला उकळतं. दुसरं वायू, उणे २४ अंशालाच उकळतं. आता पुंजकण यांना विनंती: ९ केंद्रकं आणि २६ इलेक्ट्रॉन यांचं संपूर्ण क्वांटम समीकरण लिहा, केंद्रकं जागच्या जागी न खिळता. इथेनॉलचं वेगळं आणि ईथरचं वेगळं असं लिहिता येईल का? नाही, दोन्हींचं एकच निघेल. रेणूचा आकार त्या समीकरणात कुठेच लिहिलेला नाही. १९२७ ची बॉर्न-ओपेनहायमर युक्ती वापरून केंद्रकं स्थिर धरायची, आणि कुठे धरायची हे रसायनशास्त्राने सांगितलेलं असतं. सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ गाय वुली यांनी १९७०च्या दशकात हा मुद्दा इतक्या ठामपणे मांडला की वाद अजून शमलेला नाही.

पुंजकण

हे दोन दिवस डोक्यात घोळत होतं म्हणून उशिरा लिहितोय.

संपूर्ण समीकरण एकच, हे खरं आहे. मान्य करतो. पण केंद्रकं स्थिर धरणं म्हणजे मनाला येईल तसं करणं नव्हे. सगळ्यात हलकं केंद्रक प्रोटॉनचं, तेही इलेक्ट्रॉनपेक्षा १८३६ पट जड. इलेक्ट्रॉन पळतात, केंद्रकं रेंगाळतात, म्हणून युक्ती चालते. आणि एकदा ती लावली की इथेनॉल आणि ईथर ही एकाच ऊर्जा-पृष्ठावरची (केंद्रकांच्या कुठल्या मांडणीला किती ऊर्जा, याचा नकाशा) दोन वेगळी दऱ्याखोरी म्हणून आपोआप दिसतात. ती मी रसायनवाल्याला विचारून शोधत नाही.

म्हणजे पूल आहे, आणि बराच भक्कम आहे. पण पूल आहे याचा अर्थ पलीकडे दुसरा काठ आहे. पहिल्या प्रतिसादात मी लिहिलं होतं की आपोआप येईल. ते 'आपोआप' मागे घेतो.

ओतीव

शिरोलीला फाउंड्री. मला परीक्षानळी मॅडमचं सगळं पटलेलं नाही, सांगतो का.

बिडाची हीट (एका वेळचा वितळलेला माल) काढली, स्पेक्ट्रोवर, म्हणजे घटक मोजायच्या यंत्रावर, बघितलं: कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सगळं जागच्या जागी. तरी कधी कधी पातळ भागात जॉब इतका कडक येतो की मशीनशॉपचं टूल तुटतं. चिल वेज (पाचरीसारखा नमुन्याचा तुकडा) फोडून बघायची: टोकाला पांढरं, मागं करडं. टोक पटकन गार झालं म्हणून तिथं कार्बन लोखंडाशी संयुग करून बसला, मागं सावकाश झालं म्हणून ग्राफाइट होऊन सुटा झाला. एकाच तुकड्यात, दोन बोटांच्या अंतरात. रिपोर्ट एक, माल दोन.

आता प्रश्न हा की यावर आम्हीही म्हणायचं का, धातुशास्त्राचं वेगळं तत्त्वज्ञान पाहिजे? मग कुंभाराचं, गुळव्याचं, रंगाऱ्याचं, सगळ्यांचं वेगळं? असं पान मांडत गेलो तर पंगत संपायची नाही.

मीठभाकर

पंगतीत गूळ-तूप असंल तर संपू नये.

परीक्षानळी

ओतीवदादा, आक्षेप रास्त आहे. मला वाटतं कसोटी अशी लावावी: तुमचा प्रश्न शेवटी कशापाशी जातो? पांढरं बीड आणि करडं बीड हे 'एक की दोन' हे तुम्ही कार्बन संयुगात आहे की सुटा आहे यावरून ठरवलंत. संयुग आणि सुटं हा भेद रसायनाचा आहे. गुळव्याचा प्रश्न तिथेच येतो, काकांचाही. तुमचे सगळ्यांचे रस्ते ज्या चौकात मिळतात, तो चौक फिजिक्सच्या नकाशात नीट सापडत नाही, एवढंच मी म्हणतेय. प्रत्येक गल्लीला वेगळा नकाशा नको. चौकाला हवा.

ओतीव

चौकाचं बोलणं कळलं. अर्धं पटलं.

रंकाळ्याचा_वारा

विषय निघालाच आहे तर, हेलियमचा शोध आपल्याकडे विजयदुर्गावर लागला ना? साहेबाचे ओटे आहेत तिथं.

द्रव्यवेल्हाळ

विजयदुर्गची आठवण लोकांनी जपलीय, पण नोंदी अशा आहेत: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचं जान्सेन यांनी गुंटूरहून निरीक्षण केलं, आणि लॉकयर यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ पाहिली.

पण या धाग्याशी याचं नातं आहे. पृथ्वीवर हेलियम रॅम्झी यांच्या हाताला लागलं ते १८९५ मध्ये. मधली सत्तावीस वर्षं ते मूलद्रव्य म्हणजे एक रेघ होती. ना गंध, ना वजन, ना कुठली अभिक्रिया. कुणी त्याला मूलद्रव्य मानलं, कुणी नाही. दोघांकडे कारणं होती.

प्रशासक

विजयदुर्गवर वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहा. इथे मूळ प्रश्न चालू द्या.

परीक्षानळी

मूळ प्रश्नाकडे येते, कारण आज तो तास झाला.

काकांची सोन्याची गोष्ट सांगितली, नाव न घेता. मग फळ्यावर ९ केंद्रकं, २६ इलेक्ट्रॉन असं लिहिलं आणि विचारलं, हा पदार्थ कुठला? सगळे म्हणाले, अल्कोहोल. खाली ईथरची रचना काढली. वर्ग गप्प. ज्याने प्रश्न विचारला होता तो बराच वेळ भिंतीवरच्या आवर्तसारणीकडे बघत होता. मग उठून तक्त्यापाशी गेला आणि हेलियमवर बोट ठेवलं.

"मॅडम, ह्याला बाहेर दोनच इलेक्ट्रॉन. बेरिलियमलाबी दोन. इलेक्ट्रॉनच मोजायचे तर ह्ये बेरिलियमच्या डोक्यावर पाहिजे. हितं निऑनच्या वर कुणी ठेवलं?"

मी म्हटलं, ज्यांनी ते वागतं कसं हे बघितलं, त्यांनी.

"म्हंजे तक्ता केमिस्ट्रीवाल्यांनी लावलाय."

हेलियमच्या जागेवर जाणकारांत अजूनही वाद आहे, काहींना ते बेरिलियमच्याच डोक्यावर हवंय, हेही मी सांगितलं. तो म्हणाला, मग हायड्रोजनचं काय? तो लिथियमसारखा कुठं वागतोय? तोवर तास संपला होता, पण पाच-सहा जण तक्त्याभोवती उभेच होते.

पुंजकण

त्या मुलाला माझा नमस्कार सांगा. आणि पुढे फिजिक्स घे म्हणावं.

सोनारगल्ली

केमिस्ट्री घेऊ दे. सुट्टीत दुकानात पाठवा, विरघळलेलं सोनं दाखवतो.

चुलवाण

मॅडम, दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटतंय. अख्खा वर्ग घेऊन या. पहिलं आधण सकाळी सहाला चढतं, त्याच्या आधी पोचा, चुना घालताना बघायला मिळंल. गोळी वाजवायला त्या पोराला पुढं बसवतो.